निकाल यादीतच लागतो : शहराच्या आवडत्या वास्तूसाठी मतदान कसं घ्यावं

(वारसा मंडळं, ग्रंथालयं आणि शाळांच्या कार्यकर्त्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार.

शहराच्या आवडत्या वास्तूसाठी मतदान घ्यायचं ठरलं, की पहिली चर्चा हटकून समारंभाची होते. पाहुणे कोण, फलक कुठे लावायचा, वर्तमानपत्रांना कधी कळवायचं. मतपत्रिकेवर नावं कोणती असतील, हे मात्र दोघं-तिघं एका संध्याकाळी बसून ठरवून टाकतात. मला आज बोलायचंय ते त्या संध्याकाळबद्दल. कारण अशा मतदानाचा निकाल बहुतेक तिथेच लागलेला असतो. प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला, यादीत काय घेतलं, फोटो कोणता लावला आणि एका माणसाला किती खुणा करू दिल्या, या चार गोष्टी पहिला नंबर ठरवतात. लोक येऊन मत देतात ते नंतर.

उदाहरणं मी मुंबईची घेणार आहे, कारण वास्तूंची एवढी सरमिसळ दुसरीकडे क्वचितच सापडते. पद्धत मात्र नाशिक, कोल्हापूर, पणजी, कुठेही तीच लागू पडते.

आधी 2007 सालची दोन मतदानं पाहू. दोन्ही गाजली, दोन्ही वास्तूंबद्दलच होती, आणि दोन्हींची पद्धत एकमेकींच्या अगदी उलट होती.

पहिलं म्हणजे ‘जगातली नवी सात आश्चर्ये’. बर्नार्ड वेबर या स्विस-कॅनेडियन गृहस्थांच्या प्रतिष्ठानानं ते घेतलं. तज्ज्ञांच्या मंडळानं 77 नावांतून 21 निवडली आणि मग इंटरनेट आणि फोनवरून मतं मागवली. 7 जुलै 2007 ला लिस्बनमध्ये निकाल जाहीर झाला. आयोजकांच्या सांगण्याप्रमाणे 10 कोटींहून जास्त मतं पडली. आपल्याकडे ताजमहालासाठी एसएमएसची केवढी मोहीम चालली होती, ते इथल्या अनेकांना आठवत असेल. पण फोनवरून एकाच माणसाला कितीही वेळा मत देता येत होतं. म्हणजे मोजलं गेलं ते लोकांचं प्रेम कमी आणि मोहीम चालवण्याची ताकद जास्त. गिझाच्या पिरॅमिडांचं काय झालं पाहा. जुन्या सात आश्चर्यांपैकी आज उभं असलेलं ते एकमेव. त्यांना मतदानाला उभं करण्यावर इजिप्तनं आक्षेप घेतला, आणि शेवटी त्यांना मतदानाबाहेर ठेवून मानाची जागा द्यावी लागली. युनेस्कोनं तर निकालाआधीच, जून महिन्यात, जाहीर केलं की या उपक्रमाशी आमचा संबंध नाही, आणि यातून इंटरनेट वापरणाऱ्यांचंच मत कळेल, सगळ्या जगाचं नाही.

दुसरं अमेरिकेतलं. तिथल्या वास्तुविशारदांच्या संस्थेला, अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सला, त्या वर्षी 150 वर्षं झाली, म्हणून त्यांनी देशातल्या 150 आवडत्या वास्तूंची यादी केली. पहिल्या टप्प्यात आपल्या 2,448 सभासदांना आवडत्या वास्तू विचारल्या. निदान सहा जणांनी घेतलेलं नाव पुढे गेलं. अशी 248 नावं झाली. दुसऱ्या टप्प्यात एका सर्वेक्षण कंपनीनं सुमारे दोन हजार सामान्य नागरिकांना या वास्तूंचे फोटो दाखवले आणि प्रत्येक फोटोला गुण द्यायला सांगितले. पहिली आली एम्पायर स्टेट बिल्डिंग, दुसरं व्हाइट हाउस. बाविसाव्या नंबरावर लास व्हेगासचं बेलाजिओ हॉटेल आणि नामवंत वास्तुविशारद लुई कान यांनी बांधलेली सॉल्क इन्स्टिट्यूट ही संशोधनसंस्था यादीत कुठेच नाही, हे पाहून वास्तुविशारद हळहळले. एकोणिसावा नंबर तर न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरचा होता. ते कोसळून तेव्हा सहा वर्षं होत आली होती.

मला हे दुसरं मतदान जास्त शिकण्यासारखं वाटतं. मतं थोडी, पण माणसं शोधून विचारलेली. आणि कोसळलेली इमारत एकोणिसावी येते, तेव्हा लोकांनी फक्त दगड-काचेला गुण दिलेले नाहीत, हे उघड आहे. सॉल्क इन्स्टिट्यूटचंही तसंच. उघडं काँक्रीट, दोन रांगांमधलं मोकळं अंगण, मधून वाहणारी पाण्याची बारीक रेघ. तिथे उभं राहिल्यावर ती जागा कळते, तळहाताएवढ्या फोटोत कळत नाही. पत्ता पाहण्याआधीच फोटोनं निकाल दिला.

महाराष्ट्रातही 2013 साली एका मराठी वृत्तवाहिनीनं राज्याच्या सात आश्चर्यांसाठी मतदान घेतलं. त्यात गोराईचा विपश्यना पॅगोडा निवडला गेला. खांबाशिवायचा तो दगडी घुमट बांधकाम म्हणून थक्क करणारा आहेच. पण त्याच सातांत कास पठार होतं आणि लोणारचं सरोवरही होतं. एक माणसानं घडवलेली वस्तू, एक उल्केनं पाडलेला खड्डा आणि एक फुलांचं पठार, हे एका रांगेत उभे केले, तर मत देणारा नेमकं काय तोलतो? सहलीची आठवण तोलतो. राज्याच्या पर्यटनासाठी ते ठीक आहे. पण आपल्याला वास्तूबद्दल ऐकायचं असेल, तर कुंपण आधी घालावं लागतं.

म्हणून पहिली पायरी, प्रश्न. ‘तुमची आवडती वास्तू’, ‘सर्वांत सुंदर वास्तू’, ‘सर्वांत महत्त्वाची वास्तू’ आणि ‘मुंबई म्हटलं की डोळ्यांसमोर येणारी वास्तू’ हे चार वेगळे प्रश्न आहेत. शेवटच्या प्रश्नाला गेटवे ऑफ इंडिया येणार, हे सांगायला मतदान लागत नाही. ‘महत्त्वाची’ म्हटलं की लोक अभ्यासाचं उत्तर द्यायला जातात, शाळेच्या पुस्तकात वाचलेलं नाव लिहितात. ‘सुंदर’ म्हटलं की फोटो जिंकतो. ‘आवडती’ हा शब्द मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतो, कारण त्याला कारण विचारता येतं. पण मग ‘आवडती’ या उत्तरावरून कुणी ‘हीच जपा’ असा अर्थ काढायचा नाही.

काळा घोड्याजवळचं वॉट्सन हॉटेल घ्या, म्हणजे आजचं एस्प्लनेड मॅन्शन. 1860 च्या दशकात त्याचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये तयार झाला आणि इथे आणून जोडला. 7 जुलै 1896 ला ल्युमिए बंधूंच्या चित्रपटांचे भारतातले पहिले खेळ झाले ते याच इमारतीत. 2005 साली तिच्या सज्जाचा भाग कोसळला, आणि त्याच वर्षी जगातल्या धोक्यात आलेल्या शंभर वास्तूंच्या यादीत तिचं नाव गेलं. टेकू दिलेली, गंजलेली, जाळ्या लावलेली ही इमारत लोकप्रियतेच्या मतदानात शेवटच्या पाचांत येईल. तेवढ्यानं तिचं मोल तसूभरही कमी होत नाही. मुंबईत 1995 पासून वारसा नियमावली आहे. त्यात श्रेणी 1, 2अ, 2ब, 3 अशी प्रतवारी होते आणि तिचे निकष वेगळे असतात. लोकमताचा कागद त्या प्रतवारीच्या जागी ठेवायचा नाही, हे मतपत्रिकेच्या पाठीवर छापून टाकावं. उद्या एखाद्या पाडकामाच्या वादात कुणीतरी ‘लोकांनीच हिला नाकारलं होतं’ म्हणून तुमचा निकाल फडकावणार नाही, याची ती सोय आहे.

दुसरी पायरी, नावं मागवणं. यादी आपण करायची नाही, आधी लोकांकडून मागवायची. चार आठवडे द्या. मोकळी जागा ठेवा आणि तीन नावं लिहू द्या. आता खरी मेहनत सुरू होते. एकाच स्टेशनासाठी लोक काय काय लिहितात? बोरीबंदर, व्हीटी, व्हिक्टोरिया टर्मिनस, सीएसटी, सीएसएमटी, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, आणि नुसतंच ‘स्टेशनची बिल्डिंग’. 1996 ला नाव बदललं, 2017 ला त्यात ‘महाराज’ आलं, आणि प्रत्येक पिढी आपापलं नाव धरून आहे. हे सगळं एका खात्यात जमा झालं नाही, तर फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सची ही इमारत सात तुकड्यांत वाटली जाईल आणि यादीतच येणार नाही.

उलटा घोळही होतो. कुणी नुसतंच ‘शिवाजी महाराज’ लिहिलं तर ते टर्मिनस, वस्तुसंग्रहालय की विमानतळ? ‘ताज’ म्हणजे हॉटेल हे मुंबईत गृहीत आहे, पण ‘म्युझियम’ म्हणजे फोर्टमधलं की भायखळ्याचं? फोर्टमधल्याला अजून कितीतरी जण प्रिन्स ऑफ वेल्स म्हणतात. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय काहींच्या तोंडी ‘राणीच्या बागेतलं म्युझियम’ असतं. यावर उपाय म्हणजे पर्यायी नावांचा तक्ता. डावीकडे लोकांनी लिहिलेलं जसंच्या तसं, उजवीकडे आपण मानलेली वास्तू. दोन माणसांनी एकमेकांचं न पाहता तो भरायचा, मग दोन्ही ताडून पाहायचे. जिथे दोघांचं जुळत नाही, ती नोंद ‘संदिग्ध’ म्हणून बाजूला ठेवायची, मनानं कुठे ढकलायची नाही. एक हजार नोंदींना दोन माणसांचे दोन-तीन दिवस जातात, पण ते वाचवू नका. आणि पुढे मतपत्रिका छापताना मुख्य नावाखाली बारीक अक्षरात ‘बोरीबंदर, व्हीटी’ असं लिहा. आजोबांनाही ती सापडली पाहिजे आणि नातीलाही.

तिसरी पायरी, यादी. इथे मी थोडा वेळ थांबणार आहे.

2011 च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 31 लाख होती आणि उपनगर जिल्ह्याची सुमारे 94 लाख. म्हणजे चारातली तीन माणसं माहीमच्या खाडीपलीकडे राहतात. आणि आवडत्या वास्तूंची कुठलीही यादी काढा, तिच्यात कुलाबा ते क्रॉफर्ड मार्केट एवढ्याच पट्ट्यातली नावं दाटलेली असतात. गेटवे, ताज, राजाबाई टॉवर, हायकोर्ट, महापालिकेची इमारत, टर्मिनस. नावं मागवतानाही तेच होतं, कारण बोरिवलीचा माणूससुद्धा ‘वास्तू’ म्हटलं की फोर्टमध्ये जातो. त्याच्या घरामागच्या डोंगरात कान्हेरीची शंभरावर लेणी आहेत, ती त्याला ‘वास्तू’ वाटत नाहीत, पिकनिकची जागा वाटते.

त्यामुळे नुसती ‘सर्वाधिक मागणी असलेली 24’ घेतली, तर यादी एका वॉर्डाची होते. मी सुचवेन, 24 नावांत 12 सर्वाधिक मागणीची घ्या. उरलेल्या 12 जागा राखून ठेवा. चार पश्चिम उपनगरांसाठी, चार पूर्व उपनगरांसाठी, चार अशा प्रकारच्या बांधकामांसाठी ज्यांना कुणी वास्तू म्हणत नाही : चाळ, बाजार, पूल, गिरणी, जलाशय. या राखीव जागाही मनानं भरायच्या नाहीत. त्या त्या भागातून आलेल्या नावांतली सर्वाधिक मागणीचीच घ्यायची. मग वांद्रे स्टेशन येतं, महाकालीची लेणी येतात, सी लिंक येतो, वरळी-नायगावच्या बीडीडी चाळी येतात. चाळीचं नाव मतपत्रिकेवर दिसलं की माणूस क्षणभर थबकतो. आपलं घरही ‘वास्तू’ असू शकतं, हा विचार त्याच्या मनात पहिल्यांदा येतो. माझ्या मते सगळ्या उपक्रमातला सर्वांत मोलाचा क्षण हाच, आणि तो यादी करणाऱ्याच्या हातात असतो.

देवळं, दर्गे, चर्च यांचं काय? सिद्धिविनायक आणि हाजी अली एकाच मतपत्रिकेवर, एक मत, एक विजेता, अशी मांडणी केली, तर लोक वास्तूला मत देणार नाहीत, आपल्या माणसांची डोकी मोजतील. काही जण म्हणतात, मग धार्मिक वास्तू वगळा. ते मला पटत नाही. शहरातलं कितीतरी उत्तम बांधकाम तिथेच आहे. वगळण्यापेक्षा मत देण्याची रीत अशी ठेवा, की एकाला होकार देताना दुसऱ्याला नकार द्यावा लागणार नाही. ती रीत आता सांगतो.

समजा 100 मतदार आहेत आणि प्रत्येकाला एकच मत आहे. यातल्या 62 जणांना व्हिक्टोरियन गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या, कोरीव दगडी ब्रिटिशकालीन इमारती मनापासून आवडतात. पण त्यांची मतं फुटतात : टर्मिनस 24, राजाबाई टॉवर 20, महापालिका 18. गेटवेला 28 मिळतात, मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको, म्हणजे गोलाईदार बाल्कन्यांच्या शैलीतल्या इमारतींना 10. गेटवे जिंकलं. 72 जणांनी ज्याला मत दिलेलं नाही, ते ‘शहराचं आवडतं’ ठरलं. आणि गॉथिक इमारती यादीत जितक्या जास्त घ्याल, तितकी प्रत्येकीची मतं कमी होतील. म्हणजे जी शैली शहरात विपुल आहे तिलाच शिक्षा. निवडणुकीतली मतविभागणी आपण सगळे ओळखतो. इथेही तेच गणित आहे, आणि इथे तर ते टाळायची पूर्ण मोकळीक आहे.

मग क्रम लावायला सांगायचं का? 24 नावांचा क्रम कुणी लावत नाही. पहिली तीन विचारपूर्वक, शेवटची दोन रागानं, आणि मधली एकोणीस जशी दिसतील तशी. शिवाय मोहीम चालवणारे प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम तळाला टाकतात. सगळ्यांत साधी आणि मजबूत रीत म्हणजे हव्या तितक्या खुणा. आवडणाऱ्या प्रत्येक वास्तूपुढे खूण करा. सिद्धिविनायकापुढेही करा, हाजी अलीपुढेही करा. मग टर्मिनस आणि महापालिका या एकमेकींसमोर उभ्या असलेल्या, एकाच स्टीव्हन्सच्या इमारती एकमेकींची मतं खात नाहीत.

त्यात मी दोन भर घालेन. एक, सगळी 24 नावं एका माणसासमोर ठेवायची नाहीत. वरची सहा-सात वाचली की लक्ष उडतं, आणि पहिल्या नावाला नुसत्या जागेमुळे जास्त खुणा मिळतात. प्रत्येकाला आठच द्या. कागदावर घेणार असाल, तर मतपत्रिकेच्या सहा आवृत्त्या छापा, प्रत्येकीवर आठ वास्तू. सहा गुणिले आठ म्हणजे 48 जागा, प्रत्येक वास्तू दोन आवृत्त्यांत येते : एकीत वरच्या अर्ध्यात, दुसरीत खालच्या अर्ध्यात. 3,000 मतपत्रिका भरून आल्या, तर प्रत्येक आवृत्ती 500 जणांकडे गेली, आणि प्रत्येक वास्तू बरोबर 1,000 जणांसमोर आली. सहाही आवृत्त्या सारख्याच संख्येनं वाटल्या गेल्या पाहिजेत, म्हणून गठ्ठे आवृत्तीवार न बांधता पत्त्यांसारखे पिसून बांधा. नाहीतर एका ग्रंथालयात फक्त तिसरी आवृत्ती पोहोचते आणि हिशेब कोलमडतो.

दुसरी भर : प्रत्येक वास्तूपुढे दोन चौकोन. ‘प्रत्यक्ष पाहिली आहे’ आणि ‘आवडते’. समजा 1,000 पैकी 940 जणांनी टर्मिनस पाहिलंय आणि त्यातल्या 658 जणांनी आवडतं म्हटलं. हे झाले 70 टक्के. भाऊ दाजी लाड संग्रहालय 220 जणांनीच पाहिलंय, पण त्यातल्या 187 जणांना आवडलं. म्हणजे 85 टक्के. नुसत्या मतांत 658 विरुद्ध 187, सामना संपला. पण ‘प्रत्यक्ष पाहिली आहे’ या चौकोनानं सांगितलं, की पाहिलेल्यांचं मन दुसऱ्या इमारतीनं जास्त जिंकलंय, फक्त पाहणारे कमी आहेत. अर्थात इथेही जपून बोलायला हवं. संग्रहालयात माणूस आपण होऊन जातो आणि टर्मिनसमधून रोज नाइलाजानं धावतो, त्यामुळे दोन्ही टक्क्यांत जातकुळीचा फरक आहे. म्हणून दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापा. दोघांचं मिळून एक गुणपत्रक करू नका.

आता फोटो. नियम साधा वाटतो : सगळे फोटो एकाच उंचीवरून, रस्त्यावर उभ्या माणसाला दिसतं तसे, सारख्या आकाराचे. एकीचा ड्रोनवरून आणि दुसरीचा फुटपाथवरून घेतला, तर ड्रोन जिंकतो. एकीवर रात्रीची रोषणाई आणि दुसरी भर दुपारची, तर रोषणाई जिंकते. पण ‘सगळे फोटो सकाळी नऊ वाजता’ असा नियम केला, तर तो न्याय्य वाटूनही अन्याय करतो. ओव्हल मैदानाच्या मधोमध उभे राहा. पूर्वेला राजाबाई टॉवर, विद्यापीठ, हायकोर्ट. त्यांची तोंडं पश्चिमेकडे. पश्चिमेला महर्षी कर्वे रोडवरच्या आर्ट डेको इमारती. त्यांची तोंडं पूर्वेकडे, मैदानाकडे. 2018 साली या दोन्ही रांगा मिळून जागतिक वारसा यादीत गेल्या. सकाळी नऊला आर्ट डेकोवर कोवळं ऊन असतं. बाल्कन्यांच्या गोलाईच्या, छज्ज्यांच्या सावल्या रेखीव पडतात. त्याच वेळी राजाबाई टॉवर उन्हाच्या पाठीशी, नुसता काळा आकार. संध्याकाळी पाचला सगळं उलट. गॉथिक दगडाला सोनं चढतं आणि समोरची रांग विझते. म्हणून नियम असा लिहा : ‘दर्शनी भागावर तिरपं ऊन असताना’. वेळ इमारतीगणिक बदलेल. टर्मिनसचं तोंड पश्चिमेला, त्याचा फोटो दुपारनंतर. गेटवेचा समुद्राकडून सकाळी. आणि हे सगळं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका. पावसाळ्यात निम्म्या जुन्या इमारतींवर ताडपत्र्या आणि शेवाळ असतं, आणि नेमकी ज्या इमारतीची डागडुजी चालू आहे तिचा फोटो परांचीसकट छापला जातो.

छपाईतही एक खड्डा आहे. पैसे वाचवायला मतपत्रिका काळ्या-पांढऱ्यात काढतात. मुंबईच्या जुन्या इमारती कुर्ल्याच्या करड्या बेसॉल्टच्या आणि मालाडच्या पिवळसर दगडाच्या. फोर्टमधल्या वस्तुसंग्रहालयात हे दोन्ही दगड शेजारी-शेजारी दिसतात आणि त्यांच्या रंगसंगतीतच त्या इमारतीची अर्धी गोडी आहे. झेरॉक्समध्ये करडा दगड डांबरासारखा काळा होतो आणि पिवळा मातकट. चुना-रंगाची पांढरी इमारत मात्र स्वच्छ येते. रंगीत छपाई परवडत नसेल, तर फोटो काढून टाका आणि रेखाचित्रं वापरा, सगळी एकाच हाताची. तेही जमत नसेल, तर नुसती नावं. अर्धवट फोटो सगळ्यांत वाईट.

ऑनलाइन मतांबद्दल थोडक्यात. एका मोबाइल क्रमांकाला ओटीपी पाठवून एक मत, हे सर्वांत चालणारं. मात्र आपल्याकडे असे संदेश पाठवायला डीएलटी नोंदणी, म्हणजे घाऊक संदेश पाठवणाऱ्यांची दूरसंचार कंपन्यांकडची नोंदणी, लागते, मजकुराचा नमुना मंजूर करून घ्यावा लागतो. हे काम आदल्या आठवड्यात होत नाही, महिनाभर आधी सुरू करा. ‘एका आयपी पत्त्यावरून एकच मत’ हा नियम लावू नका. मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवतात, आणि कॉलेजच्या वायफायवरची सगळी मुलं बाहेरून एकच दिसतात. बोगस मतं थांबण्याऐवजी खरी मतं बाद होतील. चालू आकडे दाखवू नका. आकडे दिसले की गठ्ठा मतदान सुरू होतं. कुणाच्या शाळेची इमारत यादीत असते, माजी विद्यार्थ्यांचे गट जागे होतात आणि शेवटच्या रात्री सगळं पालटतं. दर तासाची मतसंख्या मात्र आयोजकांनी पाहत राहावी. पहाटे तीन ते चारच्या मध्ये एकाच वास्तूला, एकच खूण असलेली, काही सेकंदांच्या अंतरानं शेकडो मतं आली, तर ती वेगळी काढा. पुसू नका. किती काढली आणि का, हे निकालासोबत छापा. मोबाइल क्रमांक ही माणसाची खासगी माहिती आहे. कशासाठी घेतोय ते आधी सांगा आणि मोजणी संपल्यावर नष्ट करा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोखही तोच आहे.

पण नुसतं ऑनलाइन घेतलं, तर युनेस्कोनं 2007 साली काढलेली खोट आपल्यातही राहील. मतपेट्या ठेवा : ग्रंथालयात, वॉर्ड ऑफिसात, भाजी मंडईच्या तोंडाशी. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती आणि इंग्रजी. पेटीला सील आणि मतपत्रिकेला फाडता येणारी अनुक्रमांकाची पट्टी. दोन चौकोनांच्या मध्ये खूण झाली, की मोजणाऱ्यांत वाद होतो. चौकोनांमध्ये बोटभर अंतर आणि प्रत्येक वास्तूखाली ठळक रेघ, एवढ्यानं बहुतेक वाद मिटतो.

आणि मतं खूप आली म्हणजे निकाल भक्कम झाला, या समजुतीत राहू नका. 1936 साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट साप्ताहिकानं 1 कोटी कागद पाठवले, 23 लाखांहून जास्त परत आले, आणि त्यांवरून रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी लँडन जिंकणार म्हणून सांगितलं. रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्यांत जिंकले. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या आणि मोटारींच्या नोंदींवरून. मंदीच्या काळात ज्यांच्याकडे या दोन्ही वस्तू नव्हत्या, त्यांना कुणी विचारलंच नाही. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या 1,000 जणांना विचारलं, तर उत्तरात साधारण तीन टक्क्यांची चूकभूल धरतात. जे आपण होऊन आले, त्यांच्या मतांना अशी चूकभूल लावताच येत नाही, ते 1,000 असोत की 10 लाख. म्हणून जमलं तर दोन्ही करा. खुलं मतदान घ्या, आणि सोबत प्रत्येक वॉर्डातून थोडी घरं चिठ्ठीनं निवडून तीच मतपत्रिका भरून घ्या. दोन्हींचे निकाल जिथे जुळतात तिथे ठामपणे बोला. जिथे जुळत नाहीत, तिथे मोहीम चालली होती हे समजा.

निकाल क्रमांकानं न देता गटानं द्या. 71 टक्के आणि 69 टक्के यांत पहिला-दुसरा करण्यात अर्थ नाही. शहर आणि उपनगरं वेगवेगळी छापा. शहरातून प्रमाणापेक्षा जास्त मतं आली, तर गणितानं ती दाबण्यापेक्षा दोन रकाने सरळ दाखवलेले बरे. वाचणाऱ्याला आपोआप दिसेल, की फोर्टच्या इमारतींवर मालाडच्या माणसाचंही तेवढंच प्रेम आहे की नाही.

वेळापत्रक म्हणाल, तर नावं मागवायला चार आठवडे, तक्ता आणि छाननीला दोन, यादी, फोटो आणि छपाईला चार, मतदानाला तीन, मोजणीला एक. चौदा आठवडे. जागतिक वारसा दिन 18 एप्रिलला असतो. त्या दिवशी निकाल द्यायचा असेल, तर जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात नावं मागवायला सुरुवात झालेली हवी आणि फोटोंची तयारी त्याआधीच.

राहिली मतपत्रिकेची शेवटची दोन ओळींची जागा. पहिल्या ओळीत विचारा : ‘यातली एक का आवडते, एका वाक्यात.’ दुसरी रिकामी ठेवा : ‘यादीत नसलेली तुमची वास्तू.’ मोजणीच्या घाईत या दोन ओळी कुणी उतरवून घेत नाही आणि कागद रद्दीत जातात. त्यासाठी दोन माणसं वेगळी नेमा. कारणांचं वाक्य जसं लिहिलंय तसंच उतरवा, शुद्धलेखन सुधारू नका. त्या वास्तूच्या व्यवस्थापनाला त्यांची प्रत द्या आणि एक प्रत भागातल्या ग्रंथालयात ठेवा. रिकाम्या ओळीतली नावं पहिल्यासारखीच दोन माणसांनी तक्त्यात भरायची आणि एकाच माणसानं लिहिलेलं असलं तरी प्रत्येक नाव निकालासोबत पूर्ण छापायचं. पुढच्या वेळी यादी करायला बसाल, तेव्हा टेबलावर पहिला कागद तो हवा.